मी बंबात घातलेले फोटू

वीरेश म्हणाला, आई, मामाच्या वर्साच्या कागदावर चार ओळी घालू, बास. चार ओळी म्हंजे प्रथम पुण्यस्मरण, तारीख, शोकाकुल, आणि खाली सगळ्यांची नावं. त्येच्या दुकानातल्या कॉम्प्युटरात ते तयारच असतंय. गावात कुणाचंबी वर्स असू दे, नाव बदललं की कागद झाला. मी न्हाय म्हणाले. ह्या कागदावर मला जास्त लिवायचं हाय. मी चौथीपतूर शिकल्याली. दुपारी दुकानात झेरॉक्सला कोण येत न्हाय तवा बसते आणि येक येक अक्षर हुडकून दाबते. चुकलं तर वीरेश नीट करंल, पर बोलणं माझं हाय, ते बदलू नको म्हणून त्येला बजावलंय.

बसाप्पा माझा थोरला भाऊ. आम्ही आण्णा म्हणायचो. उचगावात त्येला सगळी फोटूवाला म्हणत्यात. गेल्या वर्सी श्रावणात गेला. मातीला गल्ली लोटलती. मी वैनीच्या गळ्यात पडून रडत व्हते, आणि मागं गल्लीतली तानाबाई दुसऱ्या बाईला हळू सांगत व्हती, ह्योच की गं, लोकांच्या घरातनं बायकांचे फोटू चोरून डब्यात ठेवायचा. अकरा वर्सं झालती त्या गोष्टीला, पर बोलणं अजून ताजं. तानाबाईचं त्यात काय चुकलं न्हाय. ते बोलणं तिचं न्हवंच. ते माझं हाय. पयल्यांदा ते मी बोलले, चावडीम्होरं, मोठ्यानं, चार माणसं बसली असताना.

आण्णानं कुणाचा फोटू चोरला न्हवता. मी खोटं बोलले.

येवढंच छापायचं व्हतं. पर येवढंच लिवलं तर कोण इस्वास ठेवणार न्हाय, भनीची माया म्हणतील. म्हणून मुळापासनं सांगते.

आमची आव्वा, म्हंजे आई, गेली तवा मी नऊ वर्साची, आण्णा सोळाचा. ताप आला आणि तिसऱ्या दिशी गेली. आमच्यात माणूस गेलं की आडवं करत न्हाईत. भितीला टेकवून मांडी घालून बसवत्यात, कपाळाला इभूत लावत्यात, हार घालत्यात, आणि तसंच बसवून मातीला नेत्यात. आव्वाला बसवल्यावर कुणाच्या तरी ध्यानात आलं की हिचा येकबी फोटू न्हाय. मग कोल्हापुरातनं फोटूवाला आणला आणि बसल्याल्या आव्वाचा फोटू काढला. डोळं मिटल्याला फोटू भितीला कसा लावायचा म्हणून आप्पांनी आण्णाला इचलकरंजीला धाडलं. तिथं येक पेंटर व्हता. त्यो फोटू मोठा करायचा, वरनं रंग द्यायचा, आणि मिटल्यालं डोळं उघडून द्यायचा. उघडून म्हंजे काय, ब्रशानं काढायचा.

पंधरा दिसांनी आण्णा फ्रेम सायकलीला बांधून घ्येऊन आला. फडकं सोडलं. इभूत आव्वाची, नाकातला खडा आव्वाचा, आणि डोळं कुणाचं तरी. आव्वाचा डावा डोळा बारीक व्हता, हसली की पार मिटायचाच. पेंटरला ते काय ठावं? त्येनं दोन्ही डोळं सारकं काढल्यालं, मोठं, नाटकातल्या राणीगत. आप्पा बगून म्हणालं, बरं झालंय. मी मातूर त्या फोटूला भ्यायची. त्या खोलीतनं काय आणायचं झालं तर फोटूकडं पाठ करून, भितीला घासत जायची. आण्णा ते बगायचा. म्हणायचा, माझी चूक गं गंगव्वा, डावा डोळा बारीक हाय म्हणून पेंटरला सांगायला पायजे व्हतं, माझ्या ध्यानातच आलं न्हाय. सोळा वर्साचं पोर, आई गेल्याली, त्येच्या ध्यानात काय येणार. पर त्येनं ते मनाला लावून घेतलं ते घेतलंच.

त्यातनंच त्यो ह्या धंद्याला लागला असं मला आता वाटतंय. तवा वाटायचं, शेतात आंग मोडायला नको म्हणून हिंडतोय.

धंदा म्हंजे असा. सायकलीला मागं लाकडी पेटी. पेटीत चुका, हातोडी, खळीचा डबा, आणि काच कापायची हिरकणी. काचा पोत्यात गुंडाळून बाजूला बांधल्याल्या. गावात गेला की पेठंतनं आरडत जायचा, फोटूची काच, फ्रेम, जुना फोटू मोठा. लांब जायचं झालं तर सायकल एस्टीच्या टपावर टाकायचा आणि शिरोळपतूर जायचा. लोकांच्या घरात मेल्याल्या माणसाचे फोटू न्हायतर देवाचे. कुणाची काच फुटल्याली, कुणाची चौकट वाळवीनं खाल्ल्याली. उंबऱ्यात बसून त्यो नीट करून द्यायचा. चुका व्हटात धरून बोलायचा, त्यामुळं त्येचं बोलणं निम्मं कळायचं न्हाय. बायका चेष्टा करायच्या. येकदा कबनूरला येका म्हातारीनं मालकाचा फोटू दिला मोठा करायला आणि म्हणाली, "पावणं, तुमच्या पेंटरला सांगा, ह्येनं जित्यापणी माझ्याकडं कवा सरळ बगितलं न्हाय, आता फोटूत तरी बगायला लावा." आण्णा ही गोष्ट घरात येऊन सांगायचा आणि सोताच हसायचा. पर त्येनं त्या म्हातारीला इचारलं व्हतं, त्येंचं डोळं कसं व्हतं ते सांगा. ती म्हणाली, मांजरासारकं. आण्णानं ते फोटूच्या पाठीवर लिवून घेतलं. ज्या ज्या घरातनं मेल्यावरचा फोटू मोठा करायला आला, त्या त्या घरात त्येनं डोळ्याचं इचारलंय.

आणि त्येच्या आधी त्यो आणखी येक इचारायचा. जित्या माणसाचा फोटू न्हाय का कुठं? कसलाबी चालंल. लोक म्हणायची, न्हाय. पर असायचा. कुठं, तर फ्रेमच्या मागं. आपल्याकडं सवय हाय बगा, फ्रेम ढिली झाली की मागं पुठ्ठा खोचायचा, आणि पुठ्ठा न्हाय मिळाला तर घरात पडल्याला कसलाबी जाड कागद. लग्नाची पत्रिका, क्यालेंडर, न्हायतर नको असल्याला फोटू. बरा फोटू काचंत आणि नको असल्याला त्येच्या पाठीला. नको असल्याला म्हंजे कुणी म्हस धूत असताना काढल्याला, कुणी घास घेताना तोंड उघडं राहिल्याला, कुणाच्या डोक्यावर पदर न्हाय. आण्णा फ्रेम उघडायचा आणि ते भाईर पडायचे.

त्यो ते घरच्यास्नी दावायचा. ह्यो लावा की, ह्यात माणूस हाय, काचंतल्यात नुसता पटका हाय. कोण ऐकायचं, मग त्योच फोटू मोठा व्हायचा. पर बरीच जणं म्हणायची, ह्यात आजा बनेलवर हाय, पावणेरावळे काय म्हणतील, टाका तिकडं. मग आण्णा इचारायचा, मी न्हेऊ का. न्ह्या की, म्हणायची. असे इचारून आणल्याले फोटू त्यो बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचा. मनात असं, की कधीतरी कोणतरी येईल आणि म्हणंल, पावणं, आमच्या आज्जीचा त्यो फोटू टाकला का हो तुमी? आणि दोघं तिघं आलतेबी. हे सगळं मला नंतर कळालं. इचारलं असतं तर आधीबी कळालं असतं. त्यो काय लांब ऱ्हात न्हवता, माझं सासर त्याच गल्लीत.

आता माझं सांगते. सत्त्याण्णव साली माझ्या घरात बरं चाललं न्हवतं. माझ्या मालकानं इचलकरंजीत दुसरीकडं जाणं येणं सुरू केलंतं. मला कसं कळालं, तर धुणं धुताना शर्टाच्या खिशात त्या बाईचा फोटू सापडला, लहान, फॉर्मला लावायचा असतोय तेवढा. साबणाच्या पाण्यात भिजल्याला. मी कुणाला बोलले न्हाय. आण्णालाबी न्हाय. आमचं मालक आता घरातच असत्यात. हे त्यास्नी वाचून दावलं. ते म्हणालं, लिव.

पंचमी आठ दिसांवर आलती. मी वैनीला घर सारवायला मदत करायला गेलते. आण्णा फिरतीवर. फळीवरचं सामान काढताना बिस्किटाचा डबा खाली पडला आणि उघडला. फोटूच फोटू, आणि निम्म्याच्या वर बायकांचे. न्हाऊन केस वाळवणारी. ऊस सोलून खाणारी पोरगी. पोराला पाजताना पदर सरकल्याली. आता कळतंय बायकांचेच का ते. गडी माणसं टोपी घालून इष्टुडिओत जायची, त्येंचा फोटू काचंत. बायकांचा निघाला तर असा कामात असताना, चुकून, आणि त्योच मग फ्रेमच्या मागं जायचा. तवा येवढं डोकं चाललं न्हाय. आणि सगळ्यात खाली येक फोटू धुतल्या रुमालात गुंडाळल्याला. मी रुमाल सोडला. तरणी बाई, चांगलं लुगडं, खांबाला हात लावून उबी, हातात पर्स. मला तिथंच खिशातला भिजल्याला फोटू दिसला. सगळे गडी येकच, असं झालं.

वैनी म्हणाली, "वन्सं, ते तसलं न्हाय, ऐका तरी." मी ऐकलं न्हाय. डबा काखंत मारला आणि सरळ चावडीम्होरं गेले. गावचे कारभारी हंबीरराव बसलते, आणखी तिघं चौघं. मी डबा त्येंच्या म्होरं ठेवला आणि म्हणाले, "बगा माझा भाऊ गावोगाव कशाला हिंडतोय. लोकांच्या घरातनं बायकांचे फोटू चोरून आणतोय ह्यो."

हंबीररावांनी इचारलं, चोरून कशावरनं? मी म्हणाले, न्हायतर असले फोटू कोण दुसऱ्याच्या हातात देतंय. मला ठावं न्हवतं. ठावं नसताना छातीठोक बोलले, म्हंजे खोटंच की. तेवढ्यात येकजण फोटू चाळता चाळता म्हणाला, अरं, ही तर माझी मावशी, पट्टणकोडोलीची. झालं. आता साक्षीदारच मिळाला. सगळी फोटूवर वाकली. मला पायजे व्हतं ते झालं आणि तवाच मला कसंतरी झालं, कारण ती माणसं त्या पाजणाऱ्या बाईकडं ज्या नजरंनं बगत व्हती तसं आण्णा कवा बगितला नसता. मी डबा हिसकून घेतला. हंबीरराव म्हणाले, ऱ्हाऊ दे हितं, बसाप्पा आला की त्येच्या म्होरं बोलू. मी थांबले न्हाय. आण्णाच्या न्हाणीत पाणी तापवायचा बंब पेटला व्हता. मी बसून येक येक फोटू आत घातला. रुमालातला पयला. फोटू कागदागत भसकन पेटत न्हाय. आधी फोड येतोय, मग वाकडा होऊन आत मुडपतोय, आणि वास लई वाईट. वैनी दारात उबी राहून बगत व्हती. तिनं हात धरला न्हाय, त्येचा राग मला कितीतरी दिवस व्हता. म्हंजे जाळायचं मी, आणि राग तिच्यावर.

आण्णा सांच्याला आला. चावडीवर त्येला आधीच आडवलं व्हतं, हे तोंडावरनंच कळत व्हतं. पर तिथं काय झालं ते त्यो बोलला न्हाय. सायकल भितीला लावली आणि इचारलं,

"डबा कुठाय?"

"बंबात."

"सगळा?"

"सगळा."

"त्यात रुमालात येक व्हता."

"त्योच पयला घातला."

त्यो न्हाणीत गेला, बंबाखालची राख काटकीनं उकरली. मग तिथंच बसून माझ्याकडं बगितलं.

"नीट बगितलंस का त्यात काय व्हतं?"

"बगायचं काय त्यात? नटल्याली बाई व्हती."

त्यो काटकी टाकून उठला. मला वाटलं, आता हात उचलतोय. मी उचलू दे म्हणूनच उबी व्हते. त्यो म्हणाला, "बरं. पंचमीला बांगड्या भरायला ये."

मी गेले न्हाय. वैनीनं बांगड्या घरी धाडल्या, त्या मी भरल्या न्हाईत. काकणवाल्याला परत दिल्या.

त्येचा धंदा त्या म्हयन्यात बुडाला. गावात हंबीरराव म्हणाले, बसाप्पा, आता कुणाच्या उंबऱ्याला बसू नको बाबा, येखाद्या दिशी मार खाशील. भाईरच्या गावातबी बोलणं पोचलं, बाजारातनं पोचतंयच. ज्या बायका पावणं चा घ्या म्हणायच्या त्या दार पुढं लोटायला लागल्या. आण्णानं पेटी माळ्यावर टाकली आणि इचलकरंजीला मागाच्या कारखान्यात लागला, कापडाच्या घड्या घालायला. दहा वर्सं. मागाच्या खोलीत धुरळ्यागत कापूस उडत असतोय, त्येनं छाती गेली का बिडीनं गेली, डॉक्टर दोन्ही म्हणाला. ह्या दहा वर्सांत आमचं बोलणं हळूहळू सुरू झालं, लग्नं झाली, बारशी झाली. त्येनं ती गोष्ट येकदाबी काढली न्हाय. मीबी न्हाय. मला वाटायचं, त्येला लाज वाटत असंल.

आता हे वर्स आलं. कागदावर फोटू घालायचा तर आण्णाचा फोटू न्हाय. जलमभर फोटूच्या मागं हिंडल्याला माणूस, त्येचाच न्हाय. इलेक्शन कार्डावर हाय, त्यात त्यो का मी हे सांगाय येत न्हाय. मग वीरेशनं मातीच्या दिशी काढल्याला येक व्हता, आव्वासारकाच, बसवल्याला, इभूत लावल्याला. वीरेश कॉम्प्युटराम्होरं बसून म्हणाला, "आई, डोळं उघडून देतो. तुझा येक फोटू काढतो आणि तुझं डोळं लावतो. तुमचं भावाभनीचं सारकंच हाय." तसं सगळी म्हणत्यात. मी म्हणाले नको, असले उघडल्याले डोळं नकोत. माणसाचा जित्यापणीचा फोटू कुठंतरी असतोय, आपण हुडकू. हे आण्णाचंच बोलणं माझ्या तोंडातनं आलं.

वैनीला इचारलं, कुठं जाऊ. वैनी म्हणाली, शिरोळात चिमणाबाई म्हणून हाईत, मास्तरणी, त्येंच्याकडं हे जेवायला थांबायचं, तिथं इचारा. दुसरं कुठलंच गाव सांगितलं न्हाय.

वीरेशच्या गाडीवरनं आम्ही गेलो. पुराचं पाणी ओसरल्यालं, भितीला छातीयेवढी वल. चिमणाबाई सत्तरीच्या, मालक मास्तर व्हते ते वारल्याले. मी नाव सांगितलं, उचगावची, बसाप्पाची भन. त्येंनी मला वरपासनं खालपतूर बगितलं आणि हात धरून आत नेलं. "गंगव्वा न्हवं तू? मी तुमच्या गल्लीत दोन वर्सं ऱ्हायलेय की. मास्तरांची बदली व्हती उचगावला. तू येवढीशी, पेपरमिट मागायला यायचीस." मला पेपरमिट आठवलं, बाई आठवत न्हवती.

आण्णाचा फोटू त्येंच्याकडं न्हवता. म्हणाल्या, न्हाय बाई, आमी कशाला त्येचा फोटू काढतोय, त्योच आमच्या फोटूला आल्याला. मग भितीकडं बोट केलं. त्येंच्या लग्नाचा फोटू. "ह्येची काच फुटलती. बसाप्पानं फ्रेम उघडली आणि मागनं माझाच येक फोटू निघाला. उचगावातला, नवी पर्स घेतलती तवा मास्तरांनी काढल्याला. खांबाला हात लावून उबी."

 माझ्या मनात आलं, म्हंजे ही ती बाई. बारा वर्सं जिला मी शिव्या घातल्या ती हीच, म्हातारी, माझ्यासाठी पोह्याला फोडणी टाकायला उठायला लागल्याली. पर त्या म्होरं सांगत राहिल्या.

"मी म्हणाले, टाक ते, जुनं झालंय. त्यो फोटू घेऊन दारात उजेडाला गेला. लई येळ तिथं उबा. मग येऊन मला इचारतोय, मास्तरणीबाई, तुमच्या पाठीमागं कोण हाय हे? मी चष्मा लावून बगितलं. माझ्या मागं आंगणात येक बाई शेणी थापत बसल्याली. मनगटानं केस मागं सारतीया आणि मास्तर क्यामेरा धरून काय चेष्टा बोललं आसतील, ती हसतीया. येक डोळा मिटल्याला."

मी काय केलं ते मला आठवत न्हाय. वीरेश सांगतोय की मी सोताच्या डाव्या डोळ्याला बोट लावलं.

"मी म्हणाले, ही तर आमाला शेणी देणारी, तुमच्या गल्लीतली. तवा त्यो म्हणाला, ही माझी आव्वा. फोटू मागून घेतला. मी पेटीतला नवा रुमाल दिला गुंडाळायला. जेवला न्हाय त्या दिशी. म्हणाला, माझी धाकटी भन घरातल्या फोटूला भिती, पाठ करून जाती. पंचमीला येईल तवा हातात देतो." मग चिमणाबाईंनी मला इचारलं, "आवडला का गं तुला?"

मी म्हणाले, व्हय. आवडला.

तिथंबी खोटंच बोलले. खरं बोलायला तोंड उघडलं न्हाय. चिमणाबाई, हा कागद तुमच्याकडंबी पोचंल, तवा तुमाला कळंल. तुमची आणि तुमच्या पोह्यांची मला माफी मागायचीया.

माघारी येताना गाडीवर मी तेवढंच आठवायला बघत व्हते. रुमाल सोडला, फोटू हातात व्हता, उजेड व्हता, डोळं उघडं व्हतं. पर्स दिसली, लुगडं दिसलं, खांब दिसला. मागं कोण बसलंय का, काय बी दिसत न्हाय. कितीबी डोळं मिटून बघितलं तरी खांबाच्या मागं नुसतं पांढरं. जी आई बघायला मी जलमभर तरसले ती माझ्या हातात व्हती, हसत व्हती, आणि मी तिला बंबात घातली, तीबी सगळ्यात आधी.

वैनीला इचारलं, तुला ठावं व्हतं? वैनी तांदूळ निवडत व्हती. म्हणाली, व्हय. ह्येंनी त्याच रात्री सांगितलं आणि शपथ घातली, गंगव्वाला कळालं तर ती हिरीत उडी टाकंल, तिचं घरचंच तिला पुरं झालंय. म्हंजे माझ्या घरचं त्येला ठावं व्हतं. मग म्हणाली, "शपथ त्येंची व्हती. ते गेले. आता तुमाला कळायला पायजे व्हतं." तिनं ताटातनं डोकं वर केलं न्हाय. बारा वर्सं तिनं माझं सगळं करून हे पोटात ठेवलं. मी तिच्यावर ज्याबद्दल राग धरला व्हता ते तिला सांगितलं न्हाय. ते हितं लिवलंय, ती वाचंल.

वीरेशनं परवा परत इचारलं, मग फोटूचं काय, तुझं डोळं लावू का. मी म्हणाले, माझं डोळं आण्णाला लावू नको रं बाबा. चौकट मोकळी ठेव. तुमच्या हातात कागद हाय त्यावर ती मोकळी दिसंल, छापायचं राहिलंय असं समजू नका.

ज्या घरातले फोटू मी जाळले त्या घरच्या माणसांनी मला काय बोलायचं ते घरी येऊन बोलावं. पट्टणकोडोलीच्या मावशींच्या घरी मी सोता जाऊन आले. त्या म्हणाल्या, मीच दिलता की बसाप्पाला, म्हणाले ह्यात मी काळी दिसतीया, घेऊन जा. बारा वर्सांत येकानं जाऊन त्यास्नी इचारलं न्हाय. मीबी न्हाय.

आणि येक मागणं हाय. तुमच्या घरात लग्नाचे, बारशाचे, म्हाईच्या जत्रेचे फोटू असतील. ते काढा आणि म्होरची माणसं सोडून मागं बगा. कुठं दारात, भितीकडंला, सायकल धरून, व्हटात चुका धरल्याला येक बारका माणूस असंल तर त्यो आण्णा हाय. फोटू मागत न्हाय, वीरेश दुकानात झेरॉक्स काढून तुमचा तुमाला माघारी देईल. काचंतल्या फोटूच्या पाठीमागंबी बगा.

कागद सोमवारी वाटणार हाय. वीरेश पोरांच्या हातनं वाटतो म्हणाला, मी म्हणाले, माझ्या हातनं. चावडीपासनं सुरवात करणार. हंबीरराव आता अंथरुणावर हाईत, त्येंचा नातू वाचून दावंल. तानाबाईला वाचता येत न्हाय आणि तिच्या घरात दुपारचं कोण नसतंय. तिच्याकडं मी कागद देऊन निघून येणार न्हाय. तिच्या म्होरं बसून मोठ्यानं वाचणार, जेवढ्या मोठ्यानं त्या दिशी बोललते तेवढ्या. हितपतूर सगळं.